आख, जू आणि बैलाची मान

या मालिकेत आजवर किल्ले, तोफा, ताम्रपट आणि बखरी यांविषयी पुष्कळ लिहिले. आजच्या धाग्याचा नायक त्या मानाने फारच मळकट आहे. तो कोणत्याही शिलालेखात नाही, आणि संग्रहालयात त्याला काचेची पेटी मिळालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. तो म्हणजे गाडीचा आख.

निमित्त घडले ते गेल्या गळीत हंगामात. डिसेंबरातली पहाट होती. राहुरी तालुक्यातल्या एका फाट्यापाशी उसाच्या टायरगाड्यांची रांग उतारावरून खाली येत होती. त्यातली एक गाडी एकाएकी डावीकडे वळली. गाडीवानाने कासरा ओढला नव्हता, बैल बुजले नव्हते. तरीही दांडी डाव्या बैलाच्या अंगावर गेली, तो रस्त्याच्या कडेला ढकलला गेला आणि गुडघ्यांवर बसला. मागचा ऊस तसाच त्याच्या मानेवर रेटत होता. चार-पाच जणांनी धावत जाऊन चाकांना दगड लावले आणि शिवळा काढून बैल मोकळा केला.

गाडीवान पाथर्डीकडचा, पन्नाशीचा असावा. मी विचारले, "मामा, आख मोडला का?"

"आख न्हाई मोडला, बाळा. डाव्या चाकाचं बेरिंग गेलं," ते म्हणाले. "आख मोडला असता तर गाडी जागेव बसली असती. हिनं बैलाला लोटलं."

त्या एका वाक्याने मला घरी स्वस्थ बसू दिले नाही. बेरिंग हा आखाचा भाग आणि गाडीची दिशा हे बैलांचे काम, अशी माझी सरळ विभागणी होती. एक बिघडले म्हणून दुसरे का बिघडावे? उत्तर शोधता शोधता मी नगर जिल्ह्याच्या इतिहासात बराच मागे गेलो.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. दोन चाकांना जोडणारा जो आडवा दांडा, तो आख किंवा आस. मूळ संस्कृत शब्द अक्ष. लॅटिनमधला ॲक्सिस आणि इंग्रजीतला ॲक्सल हे त्याच कुळातले. चाकाचा मधला गड्डा म्हणजे तुंबा, त्यातून निघणारे आरे, आणि बाहेरून बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. साटीखालून पुढे जाणारी दांडी जुवाला जोडलेली असते आणि जू बैलांच्या मानेवर. 'धुरा सांभाळणे' हा वाक्प्रचार आपण मंत्रिमंडळाच्या बातम्यांत वाचतो. धुरा म्हणजे मुळात जुवाकडची हीच बाजू, जिचा भार जनावराने उचलायचा असतो.

बैलगाडीचा आख स्वतः फिरत नाही. तो गाडीला पक्का असतो आणि चाके त्याच्या टोकांवर आपापली फिरतात. ही वरवर साधी दिसणारी गोष्ट फार मोलाची आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच फिरत्या दांड्याला घट्ट बसवली, तर वळणावर त्यांतले एक घासत, फरफटत जाणार. मोटारीत ही अडचण दूर करण्यासाठी डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची रचना करावी लागली. पुढची दोन चाके वेगवेगळ्या कोनांत वळवण्यासाठी जी सांध्यांची रचना असते, ती म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडीकाराने १८१७ मध्ये शोधली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ ॲकरमन याने इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. म्हणून ती आज ॲकरमनच्याच नावाने ओळखली जाते. बैलगाडीला यांतले काहीच लागत नाही. तिचे सुकाणू म्हणजे बैलाची मान. वळवणे, थोपवणे, तोल धरणे ही सारी कामे तेथेच होतात.

आता जरा मागे जाऊ. ओझे वाढले तर काय करायचे, या प्रश्नाला दख्खनचे जुने उत्तर एकच होते: जनावरे वाढवा. त्याचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्याच शहरातले आहे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तेथून १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. हे धूड ओढायला शेकडो बैल आणि जोडीला हत्ती लावले होते, असे परंपरा सांगते. तोफेचे नाव, तिच्या तोंडाशी कोरलेला सिंहमुखी जबडा, ओतणाऱ्याचा लेख, सारे टिकले. ज्यांच्या मानांवरून ती परांड्याहून विजापुराला गेली, त्यांची नोंद 'शेकडो' या एका शब्दात संपली.

तोफ हा अपवाद म्हणून सोडून देऊ. रोजच्या मालाचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दख्खनच्या पठारावरचा दूरचा व्यापार मुख्यतः गाडीवर नव्हे, बैलांच्या पाठीवर चाले. लमाणांचे तांडे गोण्या लादलेले बैल घेऊन कोकणातून मीठ आणत आणि इकडचे धान्य नेत. गाड्या होत्या, पण थोड्या, आणि फार जड. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत त्या गाड्यांच्या चाकांचे वर्णन येते आणि ते वाचून प्रथम विश्वास बसत नाही: भरीव दगडाच्या चकत्या. असली चाके ओढायला एक जोडी पुरत नसे. गाडीच्या मेहनतीचा मोठा हिस्सा ती स्वतःलाच वाहून नेण्यात खर्ची पडे.

१८३० च्या दशकात इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणी आणि धाराबंदीचे काम सुरू केले. त्या सर्वेक्षणात गेसफर्ड नावाचा एक लेफ्टनंट होता. त्याने हलकी आणि रयतेला परवडेल अशी नवी गाडी तयार करवली, आणि ती बांधण्यासाठी सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला कारखाना काढला. सरकारचा हेतू अर्थातच परोपकाराचा नव्हता. माल बाजारात पोचला तर धारा रोखीने वसूल होतो, हे साधे गणित त्यामागे होते. पण परिणाम दूरगामी झाला. पुढच्या काही दशकांत सडका झाल्या, गाड्यांची संख्या वाढत गेली आणि तांडे मागे हटले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून धावू लागली, तेव्हा स्टेशनापर्यंत माल आणणारी वाहने ही नव्या वळणाची गाडीच होती. लमाणांच्या एका पिढीचा धंदा ज्या कारणांनी बुडाला, त्यांत टेंभुर्णीच्या सुतारमेटाचाही वाटा धरावा लागेल. गेसफर्डचे नाव आज त्या गावातही कुणाला ठाऊक असेल असे वाटत नाही.

येथे थोडे यंत्रशास्त्र येऊ द्या, कंटाळवाणे नाही. चाक फिरताना तुंबा आखावर घासतो. हे घर्षण मोडण्यासाठी बैलांना किती ओढावे लागेल, हे तीन गोष्टींवर ठरते: ओझे किती, घासणारे पृष्ठभाग किती खरखरीत, आणि आखाची जाडी चाकाच्या व्यासाच्या मानाने किती. तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. समजा चाकाची त्रिज्या ६० सेंटिमीटर आहे. बाभळीचा आख ओझ्याखाली मोडू नये म्हणून जाड ठेवावा लागतो; त्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरू. प्रमाण झाले बारास एक. त्या जागी लोखंडी आख घातला तर अडीच सेंटिमीटरही पुरतात. प्रमाण चोविसास एक. वंगणाचा थेंबही न बदलता घर्षणाचा ताण निम्म्यावर आला. जुनी चाके माणसाच्या छातीला लागतील इतकी मोठी का असत, याचेही कारण हेच. आमच्या वडीलधाऱ्यांना हे सूत्र पाठ नव्हते, पण लहान चाकाची गाडी 'जड चालते' हे त्यांना पक्के ठाऊक होते.

विसाव्या शतकात जिल्ह्यात ऊस आला आणि ओझ्याचे मापच बदलले. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली उसाचे मळे पसरले. हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना उभा राहिला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. सहकाराचा हा इतिहास तुम्हां सर्वांना पाठ आहे. त्याची एक बाजू मात्र पुस्तकांत क्वचितच येते. तोडलेला ऊस थांबत नाही. तासागणिक तो वाळतो, साखर घटते. म्हणून तोड आणि गाळप यांमधले अंतर कमीत कमी वेळात कापायचे असते. हे अंतर दशकानुदशके कापले ते बैलांनी.

त्यांच्या मदतीला दोन सुधारणा आल्या: हवेचा रबरी टायर आणि आखाच्या टोकांवरचे बेरिंग. अनेक भागांत अशा गाडीला टायरच्या कंपनीवरून डनलॉप म्हणतात. आपल्याकडे सरळ टायरगाडी. ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांतही 'टायर सेंटर' हा स्वतंत्र प्रकार आहे: गाडी बहुधा कारखान्याची, बैल मजुराचे. बेरिंगमध्ये घासण्याच्या जागी पोलादी गोळ्या किंवा रूळ फिरतात, त्यामुळे आखावरचे घर्षण जवळजवळ नाहीसे होते. रबरी टायर मऊ रानात लोखंडी धावेसारखा रुतत नाही आणि डांबरी सडक उखडत नाही. कागदावर पाहिले तर बैलाचे कष्ट निम्म्याहून कमी व्हायला हवे होते.

ते झाले नाहीत. जी ताकद वाचली, तितके ओझे वाढले. आज टायरगाडीत दीड-दोन टन ऊस सहज असतो, कधी त्याहून अधिक. आणि हे केवळ व्यवहारात घडले असे नाही, कायद्यानेही ते गृहीत धरले. जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांतला कमाल ओझ्याचा तक्ता बैलाच्या आकारावर तर ठरतोच, पण गाडीला बेरिंग आहे का, हवेचा टायर आहे का, यावरही ठरतो. साध्या गाडीच्या दुप्पट ओझे बेरिंगच्या गाडीला चालते. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, असेही त्याच नियमांत आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापुढची रात्रीची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी या तासांचा हिशेब मनाशी करावा.

तक्त्यामागचा विचार ओढण्यापुरता बरोबर आहे. पण बैल फक्त ओढत नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी कित्येक वर्षे खटपट केली. देशाने आगगाडीवर आणि मोटारीवर जितकी बुद्धी खर्चली, तिचा अंशही या वाहनाच्या वाट्याला आला नाही, अशी त्यांच्या म्हणण्याची दिशा होती. आणि जी थोडी बुद्धी खर्च झाली, ती जवळजवळ सगळी आखाच्या आसपासच घुटमळली, असे मी त्यात भर घालीन. जुवाच्या वाट्याला त्यातली फारच थोडी आली.

याचा एक विचित्र परिणाम पाहा. टायरचे चाक जुन्या लाकडी चाकापेक्षा लहान, म्हणून आख जमिनीजवळ आला. बैलाची मान मात्र होती त्याच उंचीवर राहिली. आख खाली आणि ओढण्याची जागा वर, यांतले अंतर जितके जास्त, तितकी गाडी ओढताना पुढे झुकू पाहते, आणि तो झोक मानेवर उतरतो. भर मागे पडला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाऊन बैलांचे गळे आवळले जातात. ते टाळायला गाडीवान ऊस थोडा पुढे रचतो. मग उतारावर सारे मानेवर येते. बेरिंगने येथे आणखी भर घातली आहे. जुन्या आखाचे घर्षण चढावर वैरी होते, पण उतारावर तेच लगाम घालीत असे. नवी गाडी उतारावर मोकळी सुटते आणि तिला आवरायला पुढे दोन माना असतात.

आता त्या पहाटेकडे वळू. मामांच्या वाक्याचा उलगडा मला झाला तो नगरच्या रणगाडा संग्रहालयात. १९९४ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय तुम्हांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे दुसऱ्या महायुद्धातला व्हॅलेंटाईन रणगाडा आहे. रणगाड्याला वळणारी चाके नसतात, पट्टे असतात. व्हॅलेंटाईन वळवायचा तर एका बाजूच्या पट्ट्याची ताकद तोडून त्याला ब्रेक लावायचा. दुसरा पट्टा चालत राहतो आणि अख्खे धूड थांबलेल्या बाजूला वळते. तेथेच चर्चिल आणि सेंचुरियन उभे आहेत. त्यांत मेरिट-ब्राऊन नावाची पेटी आहे: वळतानाही दोन्ही पट्ट्यांना ताकद मिळत राहते, फक्त त्यांच्या गतींत फरक पडतो. धक्का नाही, ताकदीची नासाडी नाही. वाहनाच्या वळण्यासाठी माणसाने इतकी बुद्धी खर्च केलेली पाहिली की थक्क व्हायला होते.

व्हॅलेंटाईनपुढे उभा असताना ती टायरगाडी मला दिसली. डाव्या चाकाचे बेरिंग जाम झाले, चाक थांबले, उजवे चालत राहिले, आणि गाडी डावीकडे वळली. रणगाड्यात मुद्दाम करतात तेच. फरक इतकाच की रणगाड्यात तो झटका पोलाद सोसते. येथे तो दांडीवाटे डाव्या बैलाच्या खांद्यावर गेला. बेरिंग जोवर फिरते तोवर आख आणि दिशा या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ते अडले की आखच गाडी हाकू लागतो. जुन्या लाकडी आखाला वंगण कमी पडले तर तो आधी करकरू लागे, गावभर ऐकू जाई. बंद बेरिंग बहुतेक वेळा अगदी शेवटी बोलते.

दोष गाडीवानाला द्यावा, असे काही प्राणिप्रेमी मित्र म्हणतील. मला ते पटत नाही. हंगामाच्या आधी उचल घेतलेली असते, ती टनांवर फिटायची असते. आणि ओझे कमी केले तर खेपा वाढतात. टायर आणि बेरिंग यांनी निर्माण केलेला फायदा ऊस लवकर पोचण्यात कारखान्याला मिळाला, दोन मोळ्या जास्त नेण्यात थोडासा गाडीवानाला मिळाला. बैलाच्या वाट्याला तो पोचलाच नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे खांदेमळणी करतात. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. भार नेमका कोठे येतो, हे त्या रीतीला पूर्वीपासून माहीत आहे.

२०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली, दोन बैलांच्या मध्ये, एक तिसरे छोटे चाक बसवले. मानेवरचा उभा भार त्या चाकाने घ्यायचा. त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सर्वदूर फिरली. तुम्हीही पाहिली असतील. माझ्या माहितीतली, आखाकडून जुवाकडे सरकलेली ही थोड्या सुधारणांपैकी एक आहे, आणि ती करणारी मुले तुमच्याच वयाची होती. अशा चाकापुढची खरी परीक्षा वळणाची असते. ते बैलांच्या पावलांबरोबर आपोआप वळले पाहिजे. नाहीतर तेच अडेल आणि दांडी पुन्हा कुणाच्या तरी खांद्यावर ढकलील.

दरम्यान पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्यांत बैलांची संख्या घटते आहे. त्यांची जागा छोटा ट्रॅक्टर घेतो. मागे जोडलेल्या गाड्यांसह त्या वाहनाला लोक अंगद म्हणतात. त्याच्यामागची गाडी पाहिलीत तर टायर तोच, आख तोच. जुवाच्या जागी लोखंडी हूक आहे.

त्या पहाटे बेरिंग बदलायला दोन तास लागले. गाडीखाली दगड रचून चाक उचलले, मागच्या गाडीतल्या एका पोराने फटफटीवरून जाऊन दुसरे बेरिंग आणले. तेवढ्या वेळात मी मामांना मोबाइलवर त्या तिसऱ्या चाकाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून दोनदा पाहिला.

"चांगलं हाये," ते म्हणाले. "पण रानातून गाडी मागं घ्यायची वेळ आली, तर हे चाक कुणीकडं जाईल?"

मला सांगता आले नाही. त्यांनी डाव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला, सुजलेल्या जागी वंगणाच्याच डब्यातले थोडे तेल लावले आणि जू चढवले. गाडीवर मात्र ते बसले नाहीत. काटा येईपर्यंतचे तीन-चार किलोमीटर ते डाव्या बैलाच्या बाजूने, दांडीला हात लावून चालत गेले.